पोचपावती

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत बाबांनी मला एक मेल व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली एकच ओळ होती, ‘बाय, ह्यां काय असा गो?’

मेल मुंबईच्या एका सुपरमार्केट साखळीचा होता. मालवण-कसाल रस्त्यापासून आत आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. बारा बायका, बाबा, आणि हिशेबाला आत्या. या साखळीकडे आमचे पाव किलोचे काजूगर जायला लागून वर्ष झालं होतं. आता १ एप्रिलपासून ऑर्डर, माल निघाल्याची सूचना आणि बिल हे सगळं ईडीआयनेच होईल, फोन आणि पीडीएफ बंद, असं त्यात लिहिलं होतं. सोबत ६४ पानांची मार्गदर्शिका.

मी पुण्यात बॅकएंड इंजिनिअर आहे. घरातली इंजिनिअर म्हणजे प्रिंटरपासून पासपोर्टपर्यंत सगळं आपलंच, हे बहुतेकांना माहीत असेल. मी ऐटीत म्हटलं, ‘बाबा, सोपं आहे. वीकेंडला बघते.’

ईडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज. एका कंपनीच्या कॉम्प्युटरनं दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरला ठरलेल्या साच्यातला कागद पाठवायचा, मध्ये कुणी पुन्हा टाइप करत बसायचं नाही. ही कल्पना माझ्या वडिलांपेक्षा म्हातारी आहे. १९४८ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली, तेव्हा विमानांनी धान्य-कोळसा पोचवताना मालाच्या याद्या वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या नमुन्यांत यायच्या. टेलेक्सवरून किंवा फोनवरून सांगता येईल अशी एकसारखी यादी तयार करण्याचं श्रेय एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकी सार्जंटला दिलं जातं. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत एक्स-१२ या मानकाचं काम सुरू झालं, आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं एडिफॅक्ट आलं. आमच्या ६४ पानांत हे एडिफॅक्ट होतं.

बाबांना मी ते काजूच्या भाषेत सांगितलं. आपण ‘डब्ल्यू ३२०’ म्हणतो, म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर. व्हिएतनामचा माणूसही तेच समजतो. तसंच हे, फक्त बिलासाठी. बाबांना लगेच कळलं.

पर्याय तीन होते. पहिला, साखळीचं वेब पोर्टल. लॉगिन करा, ऑर्डर बघा, फॉर्म भरा. खर्च जवळजवळ नाही, पण आत्यानं तेच आकडे आधी पोर्टलवर आणि मग टॅलीत भरायचे. दुसरा, मध्यस्थ सेवा. दरमहा भाडं, वर प्रत्येक कागदामागे पैसे. ती त्यांचं एडिफॅक्ट आपल्या टॅलीला समजेल असं करून देते. तिसरा पर्याय मी. पायथॉनमध्ये दोनशे ओळींत ऑर्डर वाचणारा प्रोग्राम मी एका शनिवारी लिहिलाही. रविवारी तो बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. बाबा म्हणाले, ‘बरो असा.’ आत्यानं विचारलं, ‘आणि ह्यो बंद पडलो तर?’ मी म्हटलं, मला फोन कर. म्हणजे माझ्या ऑफिसात रिलीज चालू असताना. तो विषय तिथेच संपला, पण मला तो पुढे बरेच दिवस लागून राहिला.

स्वस्त म्हणून पोर्टल घेतलं. जूनमध्ये फटका बसला.

ऑर्डर ४० कार्टनची होती. एका कार्टनमध्ये २४ पाकिटं, म्हणजे ९६० पाकिटं. आत्यानं माल निघाल्याची सूचना भरताना ४० लिहिलं. शेजारच्या खान्यात आपोआप ‘नग’ आलेलं होतं, ते ‘कार्टन’ करायचं राहिलं. पोर्टलनं हिरवी टिक दिली. गाडी भिवंडीच्या गोदामात पोचली तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरला ४० पाकिटं हवी होती आणि समोर ९६० होती. गाडी आत घेतली नाही. नवी वेळ चार दिवसांनी मिळाली. गाडीवाल्याचं थांबल्याचं भाडं आमच्यावर, उशिराचा दंडही आमच्यावर.

आत्या वीस वर्षं आमचा हिशेब लिहिते. ती एवढंच म्हणाली, ‘माझा चुकला.’ त्यानंतर ती कॉम्प्युटर उघडेना. बाबा म्हणाले, ‘सोडून देवया. आमका ह्यां जमाचा नाय.’

सोडणं सोपं नव्हतं. आमच्याकडे काजूची बी मिळते ती फेब्रुवारी ते मे. वर्षभराची बी बँकेच्या कर्जावर तेव्हाच घेऊन ठेवावी लागते, आणि ती विकली जाते दिवाळीला. गोदामात पोती होती, दिवाळी चार महिन्यांवर होती, आणि निम्मा माल या एकाच गिऱ्हाइकाचा होता.

मी आठवड्याची रजा काढून घरी गेले. आत्याच्या शेजारी बसून ती पोर्टलवर काम कसं करते ते पहिल्यांदा पाहिलं. दर ऑर्डरीला अकरा आकडे ती हातानं उतरवत होती. चूक व्हायला एवढा उशीर कसा लागला, याचंच आश्चर्य वाटलं.

मग आम्ही तीन मध्यस्थ सेवांचे डेमो घेतले. प्रत्येकाच्या डेमोत सगळं सुरळीत चालायचं. ऑर्डर आली, बिल गेलं, हिरवा आलेख. मी आत्याला विचारलं, तुला काय बघायचंय? ती म्हणाली, ‘चुकीचा भरून दाखवूक सांग.’ डेमोमध्ये विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही. आम्ही तिघांनाही ‘४० नग’ भरायला लावलं. दोघांच्या सॉफ्टवेअरनं ते मुकाट्यानं पुढे पाठवलं. तिसरं अडलं. ऑर्डर कार्टनमध्ये आहे, तुम्ही नग लिहिलेत, नक्की का, असं विचारलं. त्यात पाकिटाचा आणि कार्टनचा बारकोड क्रमांक वेगळा नोंदवलेला होता, आणि एकात दुसरी २४ बसतात हेही.

माझे प्रश्न इंजिनिअरचे होते. नेट गेलं तर काय? १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आमच्या वाडीत आठ दिवस वीज नव्हती. थेट सर्व्हर-टू-सर्व्हर जोडणी घेतली तर आपला सर्व्हर सतत जागा हवा. मालवणच्या पावसात ती हमी मी देणार नव्हते. मध्यस्थाकडे आपली टपालपेटी असते, वीज आली की कागद उचलायचे. दुसरं गिऱ्हाईक जोडायला वेगळे किती पैसे? सोडायचं ठरवलं तर आपला डेटा कोणत्या फाइलीत परत मिळेल? शेवटच्या प्रश्नावर एकानं विषयच बदलला.

आणखी एक गोष्ट. ‘आपण ई-इनव्हॉइस करतो, मग ईडीआय झालंच की,’ असं आम्हाला एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं सांगितलं. नाही. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला जे ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, ते सरकारी पोर्टलकडे जातं आणि त्यावर ६४ अक्षरांचा क्रमांक मिळतो. गिऱ्हाइकानं माल मोजला का, हे त्यात कुठेच नसतं.

आणि हाच बाबांचा प्रश्न निघाला. सगळे डेमो त्यांनी न बोलता पाहिले होते. शेवटी म्हणाले, ‘तेंनी किती मोजल्यांनी, ता खय दिसतला?’

मी सांगितलं की त्यांच्याकडून पोच येते. ते म्हणाले, ‘कागद गावलो म्हणजे मानलो असा नाय.’

बाबा उठून आतून तारेचा आकडा घेऊन आले. आजोबांच्या वेळच्या आंब्याच्या पट्ट्या त्यात ओवलेल्या होत्या. आमचा हापूस आधी क्रॉफर्ड मार्केटला जायचा, नंतर वाशीला. पेट्या इथून मोजून जायच्या आणि पंधरा दिवसांनी दलालाची पट्टी यायची. इतक्या पेट्या, हा दर, वजा आडत, वजा हमाली, वजा गाडीभाडं. आणि कधी कधी एक ओळ, ‘खराब ५’. त्या पाच पेट्या कुणी उघडल्या, कुठे फेकल्या, फेकल्या की विकल्या, हे आजोबांना कधीच कळलं नाही. विचारायला त्यांच्या हातात आकडाच नव्हता.

त्या रात्री मी ती ६४ पानं पुन्हा वाचली. एडिफॅक्टमध्ये नगसंख्येला नुसता आकडा नसतो, तो आकडा कशाचा हे सांगणारा संकेतांक असतो. २१ म्हणजे मागवलेले. १२ म्हणजे पाठवलेले. ४७ म्हणजे बिलात लावलेले. आणि ४८ म्हणजे मिळालेले. हे चार आकडे वेगळे असू शकतात, हे तो साचा बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. ‘मिळालेले’ ज्या कागदावर येतात त्याचं नाव रेकॅडव्ह. शेवटच्या पानांत त्यापुढे ‘पर्यायी’ असं छापलं होतं, म्हणून पहिल्या वेळी मी ते ओलांडून गेले होते. बाबा ज्याबद्दल बोलत होते ती साधी पोच वेगळी. ती फक्त म्हणते, कागद आला, त्याचं व्याकरण बरोबर आहे.

सकाळी तिन्ही सेवांना एकच प्रश्न पाठवला. रेकॅडव्ह घेता का, आणि पाठवलेल्या आकड्याशेजारी दाखवता का? ‘हो’ म्हणणारी एकच निघाली, ‘४० नग’वर अडलेली तीच. ती सगळ्यात स्वस्त नव्हती. तिचा पडदा २००८ सालातला वाटतो आणि मोबाइलवर नीट दिसत नाही. साखळीकडे मात्र अर्ज करावा लागला. मागणाऱ्यालाच पाठवतो, म्हणाले.

सप्टेंबरमध्ये पहिली दिवाळीची गाडी गेली. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. पडद्यावर एका ओळीत ९६०, ९६०, ९६०, आणि शेवटी ९५८. तिचा आवाज बऱ्याच महिन्यांनी पूर्वीसारखा होता. तिनं गोदामात विचारलं, कोणत्या कार्टनमधली दोन? सतराव्या. पाकिटांचं तोंड उसवलं होतं. सीलिंग मशीनची पट्टी झिजली होती, ती त्याच दिवशी बदलली.

दोन पाकिटांचे पैसे कापले गेलेच. बाबांनी तो पडदा छापून घेतला आणि तारेत ओवला. मी काही बोलले नाही. माझा दोनशे ओळींचा प्रोग्राम अजून लॅपटॉपवर आहे. ऑर्डर तो अगदी छान वाचतो. ४८ हा संकेतांक मात्र त्यात मी कुठेच लिहिला नव्हता.