पिकअपचे पाटे निवडताना आईने विचारलेला प्रश्न

तुमच्या घरात किंवा नात्यात कुणाची मालवाहू पिकअप आहे का? मग हे तुमच्यासाठी.

मी बीए इंग्रजी केलं, दिवसभर लॅपटॉपवर लिहिते. पण आमचं घर चालतं ते पप्पांच्या पिकअपवर. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटातून कल्याणच्या मार्केटला न्यायचा, हे त्यांचं काम. यंदा मागचे पाटे बदलायची वेळ आली. जो भेटेल त्याचा एकच सल्ला, "दोन पाटे जास्त टाका, माल वाढवता येईल." पप्पांनाही ते पटत होतं. डिझेल, टोल, गाडीचा हप्ता... दोन पैसे जास्त कुणाला नको असतात?

तेव्हा आई म्हणाली, "अहो, पाटे वाढतील, पण ब्रेक वाढतील का?"

सगळं यातच आलं बघा. पाटे कडक केले की गाडी मागून दबत नाही, म्हणून ओझं कमी वाटतं. पण ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल आणि चासी तीच राहते. घाट उतरताना सगळा भार त्यांच्यावरच येतो.

मग पाटे निवडायचे कसे?

आधी आरसी बघा. त्यावरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. जे उरतं, त्यात मालासोबत गाडीत बसलेली माणसंही धरा. मागाहून लोखंडी जाळी बसवली असेल तर तिचंही वजन धरा. एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन खात्री करा.

नुसते पाटे मोजू नका, जाडीही बघा. जाडी दुप्पट झाली तर पाट्याचा कडकपणा आठपट होतो!

परतीचा प्रवासही विसरू नका. रिकाम्या गाडीला फार कडक पाटे असले की ती खड्ड्यात उडते, चाकं रस्ता नीट धरत नाहीत आणि ड्रायव्हरच्या कंबरेचे हाल होतात. म्हणून हेल्पर पाटा कामाचा. गाडी रिकामी असताना तो मोकळा राहतो, माल भरला की टेकतो आणि भार उचलतो.

पाटे दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. यू-बोल्ट नवे घ्या आणि थोडी गाडी चालवून झाली की पुन्हा आवळून घ्या.

आणि कायदा? 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. पाटे कितीही टाका, आरसीवरचा आकडा बदलत नाही.

शेवटी पप्पांनी कंपनीच्या मापाचाच, हेल्परवाला संच बसवला. फेरीला जादा क्रेट काही मिळाले नाहीत. हप्त्याची ओढाताण तशीच आहे. पण रात्री पप्पा घाटात असले की आई आता फोन उशाशी ठेवून थोडी तरी झोपते.

आज वेळ काढून तुमच्या माणसाच्या गाडीची आरसी एकदा बघाच.