फुग्याची दिशा

सिग्नल सुटतो, चालवणारा अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि गाडीतलं सगळं मागे रेलतं. आपली पाठ सीटला टेकते, डॅशबोर्डवर ठेवलेली पावती घसरते, आरशाला अडकवलेली माळ मागच्या सीटकडे झुलते. एक हेलियमचा फुगा मात्र पुढे झेपावतो. काचा वर असतात, वारा नसतो, कुणी त्याला हात लावलेला नसतो. पुढे ब्रेक लागतो, सगळी माणसं पुढे वाकतात आणि फुगा शांतपणे मागे सरकतो.

भाचीच्या वाढदिवसाचा फुगा मागच्या सीटवर तिच्या मनगटाला बांधलेला होता, तेव्हा हे मी नीट न्याहाळलं. तिने विचारलं, ‘‘मामा, याला पुढे कुणी बोलावलं?’’ मला तो प्रश्न फार आवडला, कारण त्याचं पहिलं उत्तर गाडीत सगळीकडे भरलेलं असतं आणि आपण ते मोजत नाही. ते उत्तर म्हणजे हवा.

मध्यम आकाराच्या गाडीत साधारण तीन घनमीटर हवा मावते. घनमीटरभर हवेचं वजन सव्वा किलोच्या जवळपास. म्हणजे आपल्याबरोबर साडेतीन किलोंचा एक न दिसणारा प्रवासीही बसलेला असतो आणि गाडीने वेग घेतला की आपल्यासारखाच तोही मागे राहू पाहतो. मागच्या काचेशी हवा किंचित दाटते, पुढे किंचित विरळते. वीत-दीड वीत रुंदीचा फुगा अकरा-साडेअकरा लिटर जागा अडवतो. तेवढ्या जागेत एरवी चौदा ग्रॅम हवा मावली असती आणि मागचा दाब त्या चौदा ग्रॅम हवेला गाडीबरोबर नेण्याइतकाच असतो. पण तिथे आहे दोन ग्रॅम हेलियम आणि दोन-तीन ग्रॅम रबर. चौदा ग्रॅमसाठीचा रेटा पाच ग्रॅमला मिळाला तर तो गाडीच्याही पुढे धावणारच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने पाण्याबद्दल जे सांगितलं, तेच इथे आडवं होऊन घडतं.

हे उत्तर बरोबर आहे. तरी मला त्याहून सुंदर उत्तर दिसतं, ते त्या माळेमुळे. फुग्याची दोरी आणि आरशाची माळ एकाच वेळी पाहा. माळ मागे कलते, फुगा पुढे कलतो. पण माळेचा धागा आणि फुग्याची ताणलेली दोरी एकमेकांना समांतर असतात! वेग एकसारखा वाढत असेल आणि झोके थांबले असतील, तर दोन्ही रेषांचा कल एकच. गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी अकरा किलोमीटरने वाढत असेल तर तो कल सतरा अंशांच्या आसपास येतो. माळ ‘खाली’ लोंबते आहे, फुगा ‘वर’ जातो आहे, दोघंही आपापला नेहमीचाच धर्म पाळत आहेत. बदललं आहे ते खाली आणि वर. वेग घेणाऱ्या गाडीपुरती खालची दिशा मागे झुकते आणि वरची दिशा पुढे. फुगा पुढे गेला असं आपल्याला वाटतं, पण तो फक्त वर गेला.

१९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करत असताना आइन्स्टाइनला जे सुचलं, ते नेमकं इथेच येऊन भिडतं. बंद खोलीला मिळालेलं त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांचा परिणाम आतल्या माणसाला वेगळा ओळखता येत नाही. सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांताकडे जाणारी वाट त्या विचारातून निघाली आणि त्याची खूण भाचीच्या मनगटाला बांधलेली होती. एवढी मोठी गोष्ट इतक्या हलक्या वस्तूत दिसावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

फुगा नसला तरी अडत नाही. पाण्याची बाटली जवळजवळ काठोकाठ भरा, झाकण लावा आणि झाकण पुढे ठेवून गाडीच्या रोखाने आडवी धरा. आत एक बुडबुडा राहतो. गवंडी भिंतीला लावतात त्या लेव्हलमधल्या बुडबुड्याचाच हा भाऊ. गाडी निघाली की तो झाकणाकडे, म्हणजे पुढे पळतो. ब्रेक लागला की बुडाकडे येतो. खंबाटकी घाटात बाटली आडवी फिरवून दोन्ही खिडक्यांच्या रोखाने धरली की वळणंही वाचता येतात. गाडी डावीकडे वळते, आपण उजव्या दाराकडे ढकलले जातो आणि बुडबुडा डाव्या टोकाला जातो. घाटातल्या वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात, ती याच कललेल्या ‘खाली’शी रस्ता जुळावा म्हणून. आणि अर्धवट भरलेला पाण्याचा टँकर वळणावर का धोक्याचा, तेही इथे कळतं. आतल्या पाण्याचा पृष्ठभाग त्या नव्या दिशेप्रमाणे तिरपा होतो आणि शेकडो लिटरचं वजन एका कुशीला येतं. टँकरच्या पोटात भोकं पाडलेले आडवे पत्रे बसवतात ते ब्रेक लागल्यावर पाण्याने एकदम पुढे आदळू नये म्हणून. वळणावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. तिथे ड्रायव्हरला वेगच कमी करावा लागतो.

द्रुतगती मार्गावर सरळ रस्त्यात काटा शंभरावर स्थिर झाला की फुगा पुन्हा ताठ उभा राहतो, जणू गाडी दारात उभी आहे. वेगाचं त्याला काहीच कळत नाही, कळतो तो वेगातला बदल. गॅलिलिओने १६३२च्या ग्रंथात हेच बंद जहाजाच्या पोटात दाखवलं होतं. समुद्र शांत आणि वेग एकसारखा असेल तर आतल्या फुलपाखरांच्या उडण्यावरून जहाज चालतं आहे की उभं, हे सांगता येणार नाही.

महाबळेश्वरला पोचेपर्यंत आणखी एक बदल झालेला असतो. साडेतेराशे मीटर उंचीवर हवेचा दाब पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं. रबरी फुगाही मोठा होतो. पण विरळ हवेत तो जास्त जागा व्यापतो, म्हणून त्याने बाजूला सारलेल्या हवेचं वजन जवळपास तेवढंच राहतं आणि त्याची उचलही तेवढीच. हा हिशेब असा जुळतो तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

जत्रेतल्या ‘गॅसच्या फुग्यात’ बरेचदा हायड्रोजन असतो. तो पेट घेतो, त्यामुळे तो फुगा बंद गाडीत कधीही नेऊ नये. हेलियमची गोष्ट निराळी आणि तिला आपल्या किनाऱ्याचा स्पर्श आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात दक्षिण भारतातून पाहणाऱ्या निरीक्षकांना सूर्याच्या कडेच्या ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहणावाचून ती पाहिली आणि ती नव्या मूलद्रव्याची मानली. पृथ्वीवर हा वायू १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या खनिजात सापडला. लॉकयर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्यांची आठवण सांगतात. शोधच तिथे लागला असं कोकणात म्हणतात, ते तारखांशी जुळत नाही. पण सूर्यात ओळखलेला वायू पृथ्वीवर हाती आल्यानंतर तीनच वर्षांनी तो ओळखणारा माणूस कोकणच्या किनाऱ्यावर दुर्बिणी लावून बसला होता, ही खरी गोष्ट मला दंतकथेपेक्षा मोठी वाटते.

भाचीचा पुढचा प्रश्न होता, ‘‘वर नसेलच, तर फुगा कुठे जाईल?’’ अशी जागा आहे. अवकाशस्थानक पृथ्वीभोवती सतत पडत असतं, त्याच्या आत खाली उरत नाही आणि वरही उरत नाही. तिथे फुगा सोडला तर तो छताकडे जात नाही. पाण्यातले बुडबुडे पृष्ठभागाकडे यायला निघत नाहीत, जिथे तयार होतात तिथेच मोठे होतात. सोड्याची तर तिथे पंचाईतच होते. वायू आणि पाणी वेगळे होत नाहीत, ना ग्लासात ना पोटात, आणि अंतराळवीराला ढेकर आला तर त्याच्याबरोबर पाणीही वर येतं.