फॅमिली आहे का?

पुण्यात भाड्याचं घर शोधताना माझं आडनाव मला दोन मिनिटं मिळवून द्यायचं. इनामदार. फोनवरचा माणूस खूश व्हायचा. नोकरी कुठे, घरात किती जण, डिपॉझिट जमेल ना, सगळं रीतसर चालायचं. मग तो म्हणायचा, "पूर्ण नाव सांगा, लिहून घेतो." मी नाव सांगायचो आणि पलीकडे शांतता व्हायची. पुढची वाक्यं मला पाठ झाली होती. "सोसायटीला विचारून कळवतो." "फ्लॅट कालच गेला हो." एक काका मात्र सरळ बोलले. "माझं काही नाही हो, पण शेजारीपाजारी ऐकणार नाहीत."

शेवटी आम्ही कोंढव्यात गेलो. 'तुम्ही लोक एकाच ठिकाणी का राहता?' असं विचारणाऱ्यांनी हे फोन कधी केलेले नसतात. एका समाजापुरतंच सभासदत्व ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली एका पारशी सोसायटीच्या खटल्यात वैध ठरवला होता. खासगी घरमालकाला तर कुणी जाब विचारतच नाही. म्हणून मीही विचारणं सोडून दिलं होतं.

२०२२ मध्ये दुबईत अकाउंटंटची नोकरी लागली. तिथे गेल्यावर पहिल्यांदा कळलं की मी बॅचलर आहे. निकाहला नऊ वर्षं झालेली, दोन मुलं, तरी बॅचलर. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ अविवाहित असा नाही. कुटुंब सोबत नसलेला पुरुष म्हणजे बॅचलर. करामात एका खोलीत आम्ही सहा जण होतो. एकावर एक असे लोखंडी पलंग, आणि वरच्या पलंगावर मी. भाडं खोलीचं नसतं, पलंगाचं असतं. त्याला 'बेड स्पेस' म्हणतात. आठ महिने मी मुलांशी कुजबुजत बोललो, कारण खालचा माणूस रात्रपाळी करून झोपलेला असायचा.

मग घर शोधायला लागलो. तिथे भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. चेक जितके कमी, तितकं भाडं कमी. मला अल कुसैसमध्ये एक बेडरूमचा फ्लॅट वर्षाला ४६ हजार दिरहमला, चार चेकमध्ये मिळत होता. त्यावर ५ टक्के डिपॉझिट, एजंटचे ५ टक्के आणि वीज-पाण्याचे २ हजार अनामत. करारनाम्याची सरकारी नोंद होते, तिला 'इजारी' म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ 'माझं भाडं'.

गंमत पुढेच होती. बायकोच्या व्हिसासाठी इजारी हवी. आणि इमारत 'फॅमिली बिल्डिंग', म्हणून एजंटला फॅमिलीचा पुरावा हवा. काझींनी दिलेला निकाहनामा होता, पण नुसत्या त्यावर भागणार नव्हतं. बायकोने सोलापुरात लग्नाची नोंदणी केली, मग मंत्रालय, परराष्ट्र खातं, वकिलात असे शिक्के मारत तो कागद दोन महिन्यांनी माझ्यापर्यंत आला. वर अरबी भाषांतर.

एजंटने कागद चाळले. "फॅमिली आहे का?" आहे. "पगार?" सांगितला. "पूर्ण नाव?" मी सांगितलं आणि सवयीने थांबलो. त्याने मान वर न करता लिहून घेतलं. खाली येऊन मी बायकोला फोन केला. "नाव विचारलं आणि लिहून घेतलं." ती बराच वेळ काही बोलली नाही.

दुबईत सगळे सारखे, असं मी मुळीच म्हणणार नाही. 'फक्त अमुक देशाचे', 'फक्त मलबारी' अशा चिठ्ठ्या मी तिथल्या भिंतींवर वाचल्या आहेत. पण मला दार उघडलं होतं आणि मी आनंदात होतो.

सहा महिन्यांनी आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये चार तरुण राहायला आले. दारात चपलांचा ढीग, रात्री उशिरापर्यंत जिन्यात फोनवर बोलणं. त्यांच्यातला एक जण माझ्या मुलीसाठी लिफ्टचं दार पायाने अडवून धरायचा. बायकोची काही तक्रार नव्हती. मीच वॉचमनला गाठलं. म्हटलं, "भाई, ही फॅमिली बिल्डिंग आहे ना? माझं काही नाही, पण सगळ्यांच्या घरी बायका-मुलं आहेत." पंधरा दिवसांत ते गेले. कुठे गेले, मी विचारलं नाही.

पुढच्या रमजानमध्ये माझा मावसभाऊ बॅग घेऊन दारात उभा राहिला. तो एसी दुरुस्त करतो. सतवात एका फ्लॅटमध्ये प्लायवूड ठोकून केलेल्या खोपटात पलंग भाड्याने घेऊन राहायचा. तपासणी झाली, पार्टिशन तोडलं, सगळ्यांना बाहेर काढलं. त्या कारवाईला कारण होतं, हे मान्य करायला हवं. खिडकी नसलेल्या खोल्या, लोंबणाऱ्या वायरी, आग लागली तर पळायला वाट नाही. पण बाहेर काढलेल्यांनी त्या रात्री झोपायचं कुठे, याचं उत्तर तपासणीत नव्हतं.

आम्ही हॉलमध्ये त्याची गादी घातली. मुलं खूश होती, इफ्तारला पाचवं ताट आलं. चौथ्या दिवशी वॉचमनचा फोन आला. "साहब, ये फॅमिली बिल्डिंग है."

"अरे, मावसभाऊ आहे माझा."

"फॅमिली मतलब बीवी-बच्चे, साहब. आपको तो मालूम है."

मला मालूम होतं. मीच त्याला आठवण करून दिली होती. आमच्या सोलापूरच्या घरात चाचा, फुफी, त्यांची मुलं धरून चौदा माणसं एका चुलीवर जेवायची. त्यातलं 'घरचं' कोण आणि परकं कोण, हे कधी कुणी मोजलं नाही.

बायको भांडी आवरत म्हणाली, "वॉचमनला कशाला बोलता? वरच्या पोरांच्या वेळी तुम्हीच गेला होतात ना?"

मी गप्प बसलो. पुण्यातल्या त्या काकांचं वाक्य मी जवळपास तसंच्या तसं वापरलं होतं. मी नाव विचारलं नव्हतं, एवढाच फरक. त्या पोरांनी काही केलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी मी जो होतो, तेच ते होते.

मावसभावाने फोन ऐकला होता. दुसऱ्या दिवशी सहरी करून, फजरची नमाज पढून त्याने बॅग भरली. मी थांब म्हणालो, पण हात धरून थांबवलं नाही. आता तो राहायची सोय देणाऱ्या कंपनीत आहे, पगार कमी, १८०० दिरहम. बायको आणायची तर ४ हजार पगार हवा, किंवा ३ हजार आणि राहायची जागा. म्हणजे त्याने लग्न केलं, मुलं झाली, तरी तिथल्या हिशेबात तो बॅचलरच राहणार.

त्याचा कॅम्प मुहैसनात आहे. त्या भागाला सगळे सोनापूर म्हणतात. कुर्ल्याच्या मावशीने ते नाव ऐकलं आणि फोनवरच तौबा केली. मुंबईत सोनापूर म्हणजे कब्रस्तान. "नाव तेवढं तसं आहे अम्मी, जागा बरी आहे," असं तो तिला सांगतो.

शुक्रवारी तो बसने आमच्याकडे जेवायला येतो. जाताना घाई करतो. मुलगी त्याला विचारते, "काका, आज राहणार का?" तो माझ्याकडे बघत नाही. "उद्या ड्युटी आहे," म्हणतो.