बैलाखालची जमीन

चित्रकाराने भिंतीवर एक झाड रंगवले आणि काम संपल्यावर त्याला वाटले, की हे झाड हातभर डावीकडे असते तर अधिक शोभले असते. अशा वेळी त्याने काय करावे? शतकानुशतके या प्रश्नाला एकच उत्तर होते. झाडावर रंगाचा जाड हात फिरवावा आणि पुन्हा आरंभ करावा. ओल्या चुन्यावर चित्रे काढणाऱ्या इटालियन भित्तिचित्रकारांना तर एवढीही मुभा नसे. चुना सुकला, की रंग भिंतीचाच अंश होऊन जाई. बदल करायचा तर तेवढा गिलावा खरवडून नवा लावावा लागे. म्हणून ते एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावीत आणि त्या तुकड्याला ‘जोर्नाता’, म्हणजे दिवसभराचे काम, असे म्हणत. चित्रातील प्रत्येक वस्तूची जागा अगोदर ठरलेली असे, कारण ती नंतर हलणार नव्हती.

काढलेली वस्तू मागच्या चित्राला धक्का न लावता हलवावी, ही गरज पहिल्यांदा तीव्रतेने जाणवली ती चलच्चित्रे काढणाऱ्यांना. एक माणूस रस्त्यावरून चालत आहे असे दाखवायचे, तर प्रत्येक चित्रात माणसाबरोबर रस्ता, घरे आणि झाडेही नव्याने काढावी लागत. १९१४ साली अमेरिकेतील अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. देखावा एकदाच काढायचा, माणूस वेगळ्या पारदर्शक पत्र्यावर काढायचा आणि तो पत्रा देखाव्यावर ठेवायचा, अशी ती युक्ती. जर्मनीत लॉटे राइनिगर यांनी छायाकृतींच्या आपल्या १९२६ च्या चित्रपटासाठी काचेची तावदाने एकावर एक, अंतर राखून मांडली. १९३७ मध्ये डिस्नेच्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात असेच थर निरनिराळ्या गतीने सरकवून दृश्याला खोली आणली गेली.

संगणकाने हीच पारदर्शक काच उचलली. मात्र एक अडचण होती. संगणकाला ‘पारदर्शक’ म्हणजे काय हे कसे सांगावे? चित्राच्या प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे आकडे असतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी न्यूयॉर्कमध्ये काम करीत असताना या तीन आकड्यांना चौथा जोडला आणि त्याला ‘अल्फा’ असे नाव दिले. साध्या चित्रात हा आकडा शून्यापासून २५५ पर्यंत असतो. शून्य म्हणजे स्वच्छ काच, २५५ म्हणजे पूर्ण झाकणारा रंग आणि मधले आकडे म्हणजे धूसरपणाच्या पायऱ्या. पुढे १९९० मध्ये थॉमस आणि जॉन नोल या बंधूंचा फोटोशॉप बाजारात आला. पण थर, म्हणजे लेयर, त्यात आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. बर्कलीच्या विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये आरंभलेला ‘गिम्प’ हा विनामूल्य प्रोग्रॅमही लवकरच थर वापरू लागला. आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणकावर हाच गिम्प आहे, आणि त्याच्याशी माझा परिचय झाला तो एका वृद्ध रंगाऱ्यामुळे.

त्यांना सारा गाव ‘नाना’ म्हणे. उमेदीच्या काळात त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, नाटकांचे पडदे रंगवले आणि नाताळच्या गोठ्यामागचा पडदाही वर्षानुवर्षे तेच रंगवीत आले. मग त्यांना कंपवाताने गाठले. हात थरथरू लागला आणि त्यांनी कुंचले धुऊन पत्र्याच्या डब्यात ठेवून दिले. मी एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “फादर, रंग एकदा भिंतीला लागला की तो भिंतीचा झाला. आता मला बैल काढायचा असतो एकीकडे आणि तो उतरतो भलतीकडे. चुकलेल्या जागी उभा राहिलेला बैल मी वर्षभर कसा बघू?” हाताच्या दुखण्यापेक्षा त्यांना या चुकलेल्या जागेचे दुःख अधिक होते.

आमच्या युवक मंडळातील एक मुलगा छपाईच्या दुकानात संगणकावर काम करतो. त्याने हे ऐकले आणि नानांना म्हणाला, “नाना, तुम्ही फक्त काढा. एका कागदावर एकच आकृती. जागा आपण नंतर ठरवू.” नानांचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी डबा उघडला. त्या आगमनकाळात संध्याकाळी आम्ही तिघे कार्यालयात बसू लागलो आणि संगणकाच्या पडद्यावर आकृत्या सरकवणे म्हणजे नेमके काय, हे मला हळूहळू उमजू लागले.

पहिली गोष्ट समजली ती अशी, की थर ही काच असली तरी कागद काच नसतो. स्कॅन केलेल्या मेंढपाळाभोवती कागदाचा पांढरा चौकोन येतो आणि तो मागचे सारे झाकतो. गिम्पमध्ये ‘कलर टू अल्फा’ नावाची एक सोय आहे. ती पांढऱ्या रंगाला पारदर्शकतेत बदलते. मौज अशी, की ती आकृती कात्रीने कापल्यासारखी कापत नाही. कुंचल्याचा रंग जिथे विरळ झाला असेल, तिथे ती आकृतीही तेवढीच पारदर्शक ठेवते. नानांच्या कुंचल्याच्या कोरड्या टोकाने सोडलेले तंतू जसेच्या तसे राहिले.

दुसरी गोष्ट सरकवण्याच्या साधनाची. चार दिशांना बाण असलेले चिन्ह निवडायचे आणि माउसने आकृती ओढायची, इतके ते सोपे दिसते. परंतु गिम्पची मूळ रीत अशी, की बोट जिथे ठेवाल तिथे जो रंग असेल त्याचा थर तो उचलतो. नानांचा मेंढपाळ बारीक रेषांचा होता. दोन रेषांमधल्या मोकळ्या जागेवर बोट पडले, की मेंढपाळ जागीच राही आणि मागचे सबंध आकाश सरकू लागे. त्या मुलाने दोन उपाय दाखवले. साधनाच्या पर्यायांत जाऊन ‘यादीत निवडलेला थरच हलव’ असे सांगायचे. आणि जो थर मुळीच हलू नये, त्याची जागा कुलूप लावल्यासारखी बंद करायची. कीबोर्डवरील बाणांच्या कळांनी आकृती एकेक बिंदू सरकते. थरथरत्या हाताला माउस जमला नाही, पण या कळा नानांना जमल्या. एका बोटाने ते कळ दाबीत आणि गाढव मुंगीच्या पावलांनी गोठ्यात शिरे. ती अर्धी संध्याकाळ त्यांनी केवळ गाढव मागेपुढे करण्यात घालवली. आम्ही कोणीही त्यांना थांबवले नाही.

तिसरी गोष्ट मात्र खुद्द नानांनाच नवी होती. त्यांनी बैल आणि त्याच्या पायाखालची जमीन, हे सवयीने एकाच कागदावर काढले होते. बैल थोडा उजवीकडे हवा होता. एकाच थरावर जे काढले जाते, ते संगणकाच्या दृष्टीने एकच असते. बैल कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते हे त्याला ठाऊक नसते. मुलाने बैलाभोवती निवडीची रेषा ओढली, तो कापला, नव्या थरावर ठेवला आणि सरकवला. बैल गेला, आणि जिथे तो होता तिथे बैलाच्याच आकाराचे एक भोक राहिले. त्यातून पारदर्शकतेची खूण असलेले राखाडी चौकोन दिसू लागले.

नाना बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बैलाखाली जमीन रंगवायची कधी पाळीच आली नाही. जे झाकले जाणार, त्यावर रंग कोण खर्च करील?” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पडद्यावर उभा केलेला बैल कधीच हलणार नसेल, तर त्याच्याखाली जमीन असण्याची गरज नसते. पण बैल हलवता यावा असे वाटत असेल, तर जमीन अगोदर पूर्ण हवी, कोणाला दिसो वा न दिसो. दुसऱ्या दिवशी नाना ड्रॉइंग पेपरचा मोठा ताव घेऊन आले. त्यावर त्यांनी कडेपासून कडेपर्यंत केवळ जमीन रंगवली होती. माती, वाळके गवत, चार दगड. मोठ्या फटकाऱ्यांना हाताच्या थरथरीने काही बाधा आली नव्हती. तो ताव आम्ही तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करून जोडला आणि सर्वांत खालचा थर म्हणून ठेवला.

चौथी गोष्ट सावलीची. दिवट्याच्या उजेडात गाढवाची जी सावली पडायची, ती नानांनी त्या जमिनीवरच रंगवली होती. गाढव हलले, सावली मागे राहिली, आणि रिकाम्या जागी कोणा अदृश्य जनावराची सावली पडल्यासारखे दिसू लागले. मग सावलीही वेगळी काढावी लागली, आणि ते दोन थर एकमेकांशी बांधून ठेवावे लागले. हे पाहताना मला आम्हा धर्मगुरूंच्या बदल्यांची आठवण झाली. काही वर्षांनी आम्हाला एका धर्मग्रामातून उचलून दुसऱ्या धर्मग्रामात ठेवले जाते. आकृती नव्या जागी पोहोचते. सावली मात्र पुष्कळ दिवस जुन्याच अंगणात पडलेली असते. माणसाच्या बाबतीत ते दोन थर बांधून ठेवण्याची सोय नाही, आणि बहुधा ती नसावी हेच बरे.

एका मुद्द्यावर मात्र नानांनी ठाम नकार दिला. थरथरीमुळे मेंढपाळाच्या काठीची रेषा वेडीवाकडी आली होती. मुलगा म्हणाला, “नाना, ही रेषा सरळ करून देऊ का? दोन मिनिटांचे काम आहे.” नाना म्हणाले, “नको बाळा. जागा पाहिजे तेवढी बदल. हात माझा आहे, तो राहू दे.” त्या उत्तरात मला या साधनाची मर्यादा आणि त्याचा मोठेपणा, दोन्ही दिसले. थर रेषेला सुधारत नाही. ज्या हाताने ती काढली त्याचे वय, त्याचे दुखणे, सारे तिच्यात तसेच राहते. थर एवढेच करतो, की एका रेषेची चुकलेली जागा बाकीच्या चित्राला सोसावी लागत नाही. वृद्ध कलावंताला पुन्हा कुंचला हाती धरण्यासाठी तेवढे पुरेसे झाले.

त्या नाताळात नानांचा पडदा फ्लेक्सवर छापून गोठ्यामागे लागला. छपाईसाठी पाठवताना सारे थर एकत्र करून एकच सपाट चित्र करावे लागते. जेपीईजीसारख्या फाइलमध्ये थर उरतच नाहीत. परंतु थरांची मूळ फाइल त्या मुलाने वेगळी जपून ठेवली, आणि प्रत्येक थराला नानांकडून विचारून मराठीत नाव दिले: बैल, गाढव, गाढवाची सावली, लंगडा मेंढपाळ, जमीन.

पुढच्या पावसाळ्यात नाना देवाघरी गेले. नाताळ जवळ आला तेव्हा युवकांनी ती फाइल उघडली. गोठ्याची जागा त्या वर्षी बदलली होती आणि पडदा अरुंद हवा होता. त्यांनी विचारले, “फादर, नानांचा मेंढपाळ थोडा आत घेऊ का?” यावर दोन मते पडली. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की मृत माणसाने जी वस्तू जिथे ठेवली तिथेच ती राहावी. तिला हात लावणे म्हणजे त्याच्या स्मृतीला हात लावणे. या भावनेत खोटे काही नव्हते. गावातील कितीतरी घरांत आजोबांची खुर्ची अशीच एका जागी असते आणि झाडू तिच्याभोवतीने फिरतो.

मी त्या रात्री एकट्याने फाइल उघडून पाहिली. यादीतील प्रत्येक थरापुढे डोळ्याचे एक चिन्ह असते. त्यावर बोट ठेवले की तो थर दिसेनासा होतो, पण नाहीसा होत नाही. मी एकेक करून सर्व आकृत्या झाकल्या. राजे गेले, मेंढपाळ गेले, बैल आणि गाढव गेले. शेवटी जमीन तेवढी राहिली. ती सर्वत्र पूर्ण होती. भोक पडले होते ते बैलाखाली. तेवढीच जागा भरून चालले असते. पण गोठ्याच्या भिंतीमागे, जिथे कोणाला कधी सरकवण्याचा प्रसंग येणार नव्हता, तिथेही त्यांनी माती रंगवली होती आणि मातीत गवताची चार पाती काढली होती.

ज्याला आपली मांडणी कायमची राहावी असे वाटते, तो झाकल्या जाणाऱ्या जागेवर एवढा रंग खर्च करीत नाही. सकाळी मी युवकांना सांगितले, की नानांच्या फाइलची एक प्रत कुलूप लावून जशीच्या तशी ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीवर काम करावे. आकृत्या हलवाव्यात, रेषांना हात लावू नये. त्यांनी लंगड्या मेंढपाळाला चार बोटे आत घेतले, आणि गाढवाला त्याच्या सावलीसकट. जमीन कुठेही उघडी पडली नाही.