नदीकाठचे जोते

आमच्या गावाला नदी आहे, असे मी परगावच्या माणसाला सांगतो, तेव्हा तो सभ्यपणे मान हलवतो आणि विषय बदलतो. चूक त्याची नाही. तो एस.टी.ने बीडला आलेला असतो, पुलावरून गेलेला असतो, आणि पुलाखाली त्याने जे पाहिलेले असते त्याला नदी म्हणायला माणूस एक तर कवी असावा लागतो किंवा बीडचा तरी. वर्षातले नऊ-दहा महिने आमची बिंदुसरा म्हणजे वेड्या बाभळींचे रान, दोन-चार म्हशी आणि मधून वाहणारी सांडपाण्याची एक काळी रेघ. नाव ठेवणाऱ्याने थेंबांचाच हिशेब सांगून ठेवला आहे. आम्ही तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

संध्याकाळी फिरायला जावे कुठे, हा आमच्या गावातला जुना प्रश्न. पाहुणे आले की पहिल्या दिवशी कंकालेश्वर दाखवतो. चौकोनी कुंडाच्या मध्यभागी, भर पाण्यात उभे असलेले ते प्राचीन देऊळ पाहून पाहुणा गप्प होतो. दुसऱ्या दिवशी खंडोबाची टेकडी, तिथल्या दोन उंच दीपमाळा आणि खाली पसरलेले गाव. पाहुणा अगदीच चिकित्सक निघाला तर गावाबाहेरची खजाना विहीर. निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधवली. विहिरीतले पाणी भुयारी पाटाने, केवळ जमिनीच्या उतारावर, शेतापर्यंत जाते. ना मोट, ना यंत्र. पाण्याला कुठे जायचे आहे हे आधी पाहून मग कुदळ उचलणारी माणसे या गावात होऊन गेली, एवढे तरी ती विहीर पाहून कबूल करावे लागते.

पण तिसऱ्या दिवशी काय दाखवायचे? २०२५ च्या १७ सप्टेंबरला अहिल्यानगरकडून बीडला रेल्वे सुरू झाली, तेव्हा त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही घरचे पाचही जण स्टेशन पाहायला गेलो. गाडीत बसायचे नव्हते, नुसते पाहायचे होते. आई बाकावर तासभर बसून राहिली आणि निघताना म्हणाली, "बसायला जागा बरी केली की रे." तिच्या लेखी एवढ्या वर्षांची मागणी तिथेच पुरी झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतल्या मंडळींनी मात्र ठरवले की, आता गावाला नदीकाठी एक बाग हवीच. एका गृहस्थांच्या गच्चीवर बैठक झाली. ते अहमदाबादला जाऊन साबरमतीचा काठ पाहून आले होते आणि मोबाइलवरची छायाचित्रे सर्वांना दाखवत होते. लांबच लांब फरसबंदी, दिवे, धावणारी मुले, आणि काठोकाठ निळे पाणी. "आपल्याकडे नदी आहे, फक्त दृष्टी नाही," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. अर्ज लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मराठीचा प्राध्यापक म्हणजे गावाचा बिनपगारी लेखनिक. लग्नपत्रिका, मानपत्र, श्रद्धांजली, हे सारे तो एकाच बैठकीत लिहून देतो, आणि एकातली विशेषणे दुसऱ्यात गेली तरी कोणी तक्रार करत नाही.

अर्ज मी मन लावून लिहिला. दोन्ही काठांना दगडी भिंत, भिंतीमागे भराव, भरावावर हिरवळ, फिरण्याची वाट, कारंजे. 'ओसाड व निरुपयोगी पात्राचे सुंदर लोकोपयोगी स्थळात रूपांतर व्हावे,' हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडले. ते कोणाला तरी ऐकवल्यावाचून राहवेना. आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. तिला ऐकवले.

आई चौथी शिकलेली. तिने सारा अर्ज ऐकून घेतला आणि विचारले, "दोन्हीकडून भिंत घातल्यावर पाणी कुठं जाईल?"

"पुढे जाईल."

"पुढं कोण राहतं?"

मी कागदाची घडी घातली.

२३ जुलै १९८९ ही तारीख बीडच्या माणसाला सांगावी लागत नाही. तो रविवार होता. मी प्राथमिक शाळेत होतो आणि नदीपासून जवळच एका भाड्याच्या खोलीत आम्ही राहत होतो. बालाघाटाच्या डोंगरावर रात्री काय झाले ते आम्हांला काय माहीत! जी नदी आम्ही चप्पल न काढता ओलांडत असू, तिला इतके पाणी आले की ते आमच्या गल्लीत शिरताना पाण्यासारखे दिसलेच नाही. मातीची एक भिंत चालत यावी तसे दिसले. अण्णांनी मला काखेत मारले आणि आम्ही शेजाऱ्यांच्या माळवदावर चढलो. वरून मी पाहिले ते आजही सुटे सुटे आठवते. एक पितळी घागर सरळ उभी तरंगत होती. एका कणगीवर मांजर बसले होते. खालून कोणीतरी एकच नाव पुन्हा पुन्हा हाकारत होते, आणि मग ती हाक थांबली. त्या दिवशी गावात किती घरे गेली, किती माणसे गेली, हे मोठ्यांचे बोलणे नंतर कितीतरी दिवस चालू होते. आम्हां मुलांना पाहून ते गप्प होत.

पाणी ओसरल्यावर खोलीत गुडघाभर गाळ होता. माझे मराठीचे पुस्तक फुगून पावासारखे झाले होते. आईने त्याचे एकेक पान सुटे करून कठड्यावर वाळवले. तरी मधली काही पाने चिकटली ती चिकटलीच, आणि त्यांतली कविता मी पुढे मोठेपणी वाचली. अण्णांनी वेगळेच काम केले. भिंतीवर पुराची रेघ उमटली होती. जमिनीपासून त्या रेघेपर्यंत त्यांनी सुतळी धरली, गाठ मारली आणि सुतळी गुंडाळून ट्रंकेत ठेवली. घरमालकाने पुढच्या दिवाळीला चुना मारला आणि रेघ गेली. गाठ राहिली.

त्या पुरानंतर नदीलगतच्या जमिनीचे भाव कोसळले. कोणी फुकट दिली तरी घेईना, असे लोक म्हणत. अण्णा साधे कारकून. भाव पडल्याशिवाय त्यांच्या हाताला जमीन लागणारच नव्हती, म्हणून त्यांनी नेमका तेव्हा तुकडा घेतला. आमच्या घरात ही अण्णांच्या शहाणपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. त्यांनी ट्रंकेतली सुतळी काढली. जुनी खोली आणि नवा तुकडा यांच्या उंचीचा फरक पाणाड्याच्या नळीने काढला, आणि जोते गाठीच्या हातभर वर घेतले. त्यासाठी मुरमाचे ट्रकच्या ट्रक ओतले. म्हणून आमच्या घराला नऊ पायऱ्या आहेत. पाहुणे दमतात; अण्णा हयात होते तोवर प्रत्येक पाहुण्याला पायऱ्यांचे कारण अभिमानाने सांगत.

मलाही तो अभिमान होता. आईच्या प्रश्नापर्यंत.

गोष्ट साधी आहे. भूगोलाच्या मास्तरांना विचारावी एवढीही अवघड नाही. परातीत तांब्याभर पाणी ओतले तर ते बोटभर चढते. तेच पाणी पेल्यात ओतले तर पेला भरून सांडते. अण्णांची सुतळी परातीची होती. आम्ही मुरूम ओतला, आमच्या शेजाऱ्याने ओतला, त्याच्या शेजाऱ्याने आमच्यापेक्षा हातभर जास्त ओतला. समोरच्या काठानेही तेच केले. प्रत्येकाने आपापल्या ट्रंकेतली सुतळी काढली असेल, मी कोणाला दोष देत नाही. पण सर्वांनी मिळून परातीचा पेला केला, आणि ती गाठ खोटी ठरली. पुन्हा तेवढेच पाणी आले तर ते १९८९ च्या रेघेवर थांबणार नाही. आणि ज्यांच्याकडे मुरूम आणायला पैसे नव्हते, त्यांच्याकडे ते आधी जाईल.

ते जाऊन आलेही आहे. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात नदीला साधेच पाणी आले. वर्तमानपत्राने दोन ओळींपलीकडे दखल घेतली नाही. आमच्या सहाव्या पायरीलाही ते लागले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली. आमच्या घराच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथली. तिने पिशवीतून ग्रंथालयाची दोन पुस्तके काढली. पावासारखी फुगलेली. "सर, दंड किती होईल?" तिने विचारले. मी दंड भरला, आणि त्या संध्याकाळी स्वतःला बराच भला माणूस समजून झोपलो.

साबरमतीची चौकशी केली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. तिथे पात्र कमी करून सरसकट साधारण २६३ मीटर रुंदीचे केले आहे; आणि छायाचित्रातले ते निळे पाणी बहुतेक नर्मदेच्या कालव्याचे आहे, पुढे वासणाच्या बंधाऱ्याने अडवून ठेवलेले. नदी एकीची, पाणी दुसरीचे. असो, मोठ्या घरची गोष्ट. आम्ही नर्मदा कुठून आणावी? आमच्या पालीजवळच्या धरणात उन्हाळ्यात पिण्यापुरते पाणी राहिले तरी आम्ही देवाला नारळ फोडतो.

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे आमची जुनी मोठी कामे हैदराबादलाच होत. मध्यंतरी एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी तिथे गेलो होतो. निबंध वाचून झाल्यावर मुद्दाम उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातले चिंचेचे झाड पाहायला गेलो. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला पूर आला, पंधरा हजारांच्या आसपास माणसे गेली असा अंदाज सांगतात. आणि त्या एका झाडावर चढून सुमारे दीडशे जीव वाचले. त्यानंतर सर विश्वेश्वरय्यांना बोलावणे गेले. पुण्याला शिकलेला हा माणूस. त्याने काठावरची भिंत वाढवण्यापेक्षा नदीचे पाणी वरच अडवावे असे सुचवले. उस्मानसागर १९२० मध्ये झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ झाले, काठावर बागा आल्या, मोकळ्या जागा आल्या. मला हे वाचताना भरून येत असे. पण झाडाखालून उठून मी नदीवरच्या पुलावर गेलो, आणि घरी आल्यासारखे वाटले. तीच काळी रेघ. धरणांनी पूर अडवला म्हणून नदी कोरडी दिसू लागली, आणि कोरडी नदी दिसली की माणसाला प्लॉट दिसतो. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेत पाणी पुन्हा घराघरांत शिरले.

मग बाग नकोच का? असे मी म्हणत नाही. माझ्या पत्नीचे माहेर नांदेडचे. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने तिथे गोदावरीचे घाट सुधारले, आणि तिकडे गेलो की संध्याकाळी आम्ही घाटावरच असतो. घाट ही फार शहाणी वस्तू आहे. पाणी आले की ती एकेक पायरी सोडून मागे सरते, पाणी गेले की पुन्हा लोकांना बसायला देते. कोणाचे काही बिघडत नाही. झाडूवाल्याला तेवढा गाळ काढावा लागतो. आमच्याच जिल्ह्यात गेवराई तालुक्यात आत्मतीर्थ पांचाळेश्वर आहे, महानुभावांचे पवित्र स्थान, थेट गोदावरीच्या पात्रात. मोठा पूर आला की ते पाण्याखाली जाते. भाविक काठावरून हात जोडतात आणि वाट पाहतात. देव बुडाला म्हणून कोणी गोदावरीवर खटला भरत नाही.

आणि गंमत म्हणजे सरकारी नियमही हेच सांगतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची तांबडी. निळ्या रेषेच्या आत घर नको. बाग, मैदान, मोकळी जागा चालेल. म्हणजे बुडाले तरी ज्याचे फारसे जाणार नाही, असेच काही तिथे असावे. अण्णांची सुतळी आणि सरकारची रेषा यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक एवढाच की, सुतळी ट्रंकेत ठेवता येते.

मी अर्ज पुन्हा लिहिला. 'ओसाड व निरुपयोगी' ही विशेषणे काढली. भिंत काढली, भराव काढला. दोन्ही काठांना उतरत्या पायऱ्या, त्यांवर कडुनिंब आणि करंज, आणि बाभळीचे रान काढून पात्र मोकळे. कारंजे ठेवले, बैठकीतल्या एका काकांचा त्यावर फार जीव होता. शेवटी एक कलम घातले: आधी निळी रेषा जमिनीवर दगड रोवून दाखवावी, आणि तिच्या आत नवा भराव कोणालाही टाकू देऊ नये. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले. वरच्या मजल्याचे कर्ज माझ्या नावावर अजून नऊ वर्षे आहे, आणि तो दगड आमच्या नऊ पायऱ्यांच्या अलीकडे येतो की पलीकडे, हे मला नक्की माहीत नाही. आईला विचारले, ठेवू का? ती म्हणाली, "अण्णा असते तर चिडले असते." थोड्या वेळाने म्हणाली, "ठेव."

बैठकीत वाचून दाखवला. पहिल्या भागाला माना डोलल्या, कलमाला कोणीतरी पंखा वाढवायला सांगितले. कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्तीवाले चाचा तेवढे मोठ्याने बोलले, "सही लिखा मास्टर. नदी की रजिस्ट्री नईं होती." चाळीस सह्या होतील असे धरून चाललो होतो, अकरा झाल्या. त्यांत चाचांची एक, आईची एक. अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे.

अहमदाबादला जाऊन आलेल्या गृहस्थांनी सही केली नाही. परवा ते घरी आले. मला वाटले, मन बदलले. चहा झाला. मग म्हणाले, "सर, तुमच्याकडे म्हणे पुराच्या उंचीची सुतळी आहे. बांधकाम काढतोय, जरा पाहू."

मी ट्रंकेतून सुतळी काढून त्यांच्या हातात दिली. ही गाठ आता खरी राहिली नाही, असेही सांगितले. परातीचा आणि पेल्याचा दाखला दिला. त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकले, गाठीवरून बोट फिरवले, खिशातून टेप काढून लांबी मोजली.

"मग मी दोन हात वर घेतो," ते म्हणाले.