हँक श्रेडरचा जबाब

साडू-साडूंचे नाते बहुधा थट्टेवारी नेले जाते. दोन बहिणींमुळे जुळलेले हे नाते. त्यात ना रक्ताचा धागा, ना व्यवहाराची भागी. ‘ब्रेकिंग बॅड’ ह्या अमेरिकन मालिकेचा सारा डोलारा मात्र ह्याच नात्यावर उभा आहे. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक राहतो. कर्करोगाचे निदान झाल्यावर तो मेथॅम्फेटामाइन नावाचे मादक द्रव्य तयार करून विकू लागतो. त्याच शहरात त्याचा साडू हँक श्रेडर डीईएमध्ये, म्हणजे अमली पदार्थांचा व्यापार रोखणाऱ्या केंद्रीय खात्यात, अधिकारी आहे. एक गुन्हेगार, दुसरा त्याच गुन्हेगाराच्या मागावर, आणि सणावाराला दोघेही एकाच टेबलावर जेवायला. २००८ ते २०१३ ह्या काळात ६२ भागांतून ही कथा उलगडली. तिचा नायक वॉल्टर. तथापि मालिका संपून इतकी वर्षे लोटल्यावर तिचे जुने चाहते पुन्हा पुन्हा ज्याच्याविषयी आपुलकीने बोलतात, तो हँक आहे. ही भूमिका डीन नॉरिस ह्या सहायक अभिनेत्याने केली.

प्रारंभी ही आपुलकी कोणालाही वाटत नाही. वॉल्टरच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात हँक प्रथम दिसतो, तो पाहुण्यांना आपले पिस्तूल दाखवत. वाढदिवस दुसऱ्याचा, पण दूरचित्रवाणीवर बातमी लागते ती ह्याच्या धाडीची. मोठा आवाज, मेक्सिकन लोकांची टिंगल करणारे विनोद, पाठीवर थापा. पुढे तर कायद्याने बंदी असलेल्या क्यूबाच्या सिगारचा धूर सोडत तो खुशाल हसतो. धाडीत सापडलेली रक्कम सुमारे ७ लाख डॉलर होती, असे वाढदिवसाच्या त्या बैठकीत तोच सहज सांगून जातो आणि ऐकणाऱ्या शिक्षकाच्या मनात विष पेरले जाते. प्रथमच मालिका पाहणाऱ्याला हा गृहस्थ बडबड्या आणि उथळ वाटतो. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला मात्र वेगळेच काही दिसू लागते.

नॉरिस ह्यांचा चेहराच असा की त्यांच्या वाट्याला बहुधा पोलीस आणि लष्करी अधिकारी यावेत. १९८५ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतलेला हा माणूस. पुढे १९९१ च्या दुसऱ्या ‘टर्मिनेटर’ चित्रपटात सशस्त्र पोलीस तुकडीचा प्रमुख म्हणून तो क्षणभर दिसतो. अशा भूमिकांत नाव लक्षात राहत नाही. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये तोच साचा त्यांना मिळाला आणि त्यांनी तो आतून हळूहळू फोडला. तुको सालामांका ह्या टोळीप्रमुखाला चकमकीत ठार केल्यावर सहकारी हँकचा जयजयकार करतात. तो हसतो, विनोद करतो, आणि लिफ्टमध्ये एकटा सापडताच त्याचा श्वास कोंडू लागतो. दार उघडताच पुन्हा तोच मोठा आवाज. भीती लपवण्यासाठी माणूस किती बोलतो, हे नॉरिस ह्यांनी शब्दाविना दाखवले.

परंतु चाहत्यांच्या मनात हँकचे स्थान बदलले ते तिसऱ्या पर्वातील एका जबाबामुळे. हँकने पुरावा असलेले वाहन जवळजवळ पकडलेले असते. इतक्यात दूरध्वनी येतो की त्याच्या पत्नीला, मेरीला, अपघात झाला असून ती रुग्णालयात आहे. तो सारे सोडून धावतो. बातमी खोटी निघते. ती साडूनेच रचलेली असते, हे त्याला ठाऊक नाही. संतापाच्या भरात तो जेसी पिंकमन ह्या वॉल्टरच्या तरुण साथीदाराच्या घरी जातो आणि त्याला बेशुद्ध होईपर्यंत मारतो. आता चौकशी होणार. एका नशेबाज तरुणाच्या शब्दापुढे नावाजलेल्या अधिकाऱ्याचा शब्द सहज जड ठरला असता. दोन वाक्ये वळवून लिहिली की नोकरी शाबूत राहिली असती, आणि खातेही बहुधा सुटकेचा निःश्वास टाकून ती मान्य करते झाले असते. हँक तसे करत नाही. आपण स्वतःला जो समजत होतो तो हा माणूस नव्हे, असे तो पत्नीला सांगतो. खात्यापुढे दोष कबूल करतो, पिस्तूल आणि बिल्ला टेबलावर ठेवतो. कार्यालयात ज्याने कधी चौकशीचे कागद हाताळले असतील, त्याला ठाऊक असते की खोटा जबाब लिहिण्यासाठी दुष्ट असावे लागत नाही. केवळ थकलेले असले तरी पुरते.

ह्या प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून कथा त्याला काय देते? त्याच दिवशी, हातात शस्त्र नसताना, वाहनतळावर दोन मारेकरी त्याच्यावर तुटून पडतात. तो वाचतो, पण कमरेखालचे बळ जाते. पलंगावर पडून हा धिप्पाड माणूस खनिजांचे नमुने मागवू लागतो. मेरी त्यांना दगड म्हणते आणि तो चिडून तिला दुरुस्त करतो की ही खनिजे आहेत. ही तक्रार आजही चाहते एकमेकांना हसत ऐकवतात. मेरीशी तो त्या काळात निर्दयपणे वागतो, हेही ते विसरत नाहीत. त्याच खोलीतून त्याचे खरे तपासकाम सुरू होते. खून झालेल्या एका रसायनतज्ज्ञाच्या कागदपत्रांत तळलेल्या कोंबडीच्या उपाहारगृहाचा एक कागदी रुमाल असतो. तो तज्ज्ञ प्राणिजन्य पदार्थ मुळीच न खाणारा होता. मग त्याच्याकडे हा रुमाल कसा? शाकाहारी घरांत जो प्रश्न पहिल्याच क्षणी विचारला गेला असता, तो तेथे एकट्या हँकला सुचतो, आणि एका साम्राज्याचा धागा हाती लागतो.

तथापि सर्वांत विदारक प्रसंग पैशाचा आहे. हँकच्या उपचारांचा पुरता भार विमा उचलत नाही. तेव्हा मेरीची बहीण स्कायलर पुढे होते. वॉल्टरने जुगारात जिंकलेले पैसे आहेत असे सांगून ती खर्च भागवते. एकूण १,७७,००० डॉलर. मेरी ते घेते आणि नवऱ्याला सांगत नाही. आजारपणात नातलगाने पुढे केलेल्या रकमेचा उगम कोण तपासतो? तीच स्कायलर पुढे मोटारी धुण्याच्या केंद्रात, न आलेल्या गिऱ्हाइकांची विक्री गल्ल्यावर नोंदवत काळ्या पैशाला पांढरा करते. अखेर हँकला सत्य उमगते तेव्हा वॉल्टर एक चित्रफीत बनवतो आणि तीत साऱ्या धंद्याचा सूत्रधार म्हणून हँककडेच बोट दाखवतो. उपचारांची ती रक्कम आयताच पुरावा ठरते. मेरी कबुली देते तेव्हा नॉरिस ह्यांच्या चेहऱ्यावर राग दिसत नाही. ज्या पायांनी आपण पुन्हा चालू लागलो ते कोणाच्या पैशाने, हे कळल्याचे सुन्नपण दिसते.

चाहते त्याला संत मानत नाहीत, हे बरे आहे. साडू गुन्हेगार निघाला असे खात्याला कळवताच आपली कारकीर्द संपणार, म्हणून तो तपास लपवून करतो. जेसीचा जीव गेला तरी पुरावा मिळेल, असा थंड हिशेबही एकदा त्याच्या तोंडून निघतो. जबाब देणारा हँक तो हाच का, असा वाद होतो. तो व्हावाही.

पारितोषिकांची नोंद जाता जाता करावी लागेल. मुख्य भूमिकेसाठी ब्रायन क्रॅन्स्टन ह्यांना चार, तर सहायक भूमिकांसाठी आरन पॉल ह्यांना तीन आणि ॲना गन ह्यांना दोन एमी पुरस्कार लाभले. नॉरिस ह्यांना ह्या भूमिकेसाठी एकदाही साधे नामांकनदेखील मिळाले नाही. चाहत्यांची ही खंत जुनी आहे आणि ती रास्त आहे.

सप्टेंबर २०१३ मध्ये प्रसारित झालेल्या भागात, तोहाजीलीच्या वाळवंटात, जखमी हँक जमिनीवर पडलेला आहे. त्याला सोडावे म्हणून वॉल्टर मारेकऱ्यांना ८ कोटी डॉलर देऊ करतो. हँक याचना करत नाही. आपले आडनाव हुद्द्यासह सांगतो आणि साडूला समजावतो की ह्या माणसांचा निर्णय केव्हाच झाला आहे. मग गोळी सुटते.

नऊ वर्षांनी, २०२२ साली, ‘बेटर कॉल सॉल’ ह्या पूरक मालिकेच्या अंतिम भागात मेरी परत आली. वॉल्टरच्या वकिलासमोर बसून ती आपल्या नवऱ्याविषयी बोलते. नॉरिस त्या भागात नाहीत. पूर्वी घरादारासकट जांभळ्या रंगात वावरणारी ही बाई. येथे चित्रच कृष्णधवल असल्याने तिच्या अंगावर कोणता रंग आहे ते कळत नाही.