वरचे सूर आणि तोफखान्याचे कान

दिल्लीला पोस्टिंग आलं, पण सरकारी क्वार्टरची रांग लांब. म्हणून गाझियाबादमध्ये वैशालीला, मेट्रो स्टेशनजवळ, भाड्याचा फ्लॅट घेतला. सामानात काळ्या ट्रंकेत, घोंगडीत गुंडाळलेला बाबांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. आजवर प्रत्येक बदलीत तो माझ्याबरोबर फिरला आहे.

त्यात ईएल ८४ व्हॉल्व्हच्या जोड्या आहेत, ताकद जेमतेम १० वॉट. त्यावर किशोरीताईंचा आवाज समोर बसून गायल्यासारखा येतो, पण तबल्याचा डग्गा मात्र सैल, पसरट. कारण सरळ आहे. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि अशा ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध जास्त असतो. वूफरचा जड पडदा एकदा हलला की त्याला वेळेवर ब्रेक लागत नाही. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर तो ब्रेक चांगला लावतो.

मग दोघांना कामं वाटून दिली. माझ्या स्पीकरला मागे टर्मिनलच्या दोन जोड्या आहेत. वरची ट्वीटरची, ती बाबांच्या ॲम्प्लिफायरला. खालची वूफरची, ती ६० वॉटच्या ट्रान्झिस्टरला. सिग्नल दोघांना वाटणारी वायर लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमधून आणली.

कुणी करणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. टर्मिनलच्या दोन जोड्या जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या आधी काढा, नाहीतर दोन ॲम्प्लिफायर एकमेकांवर चालून जातात आणि एखादा जळतो. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालवू नका, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

जोडणी तासाभरात झाली. खरी अडचण पुढे. दोन्ही ॲम्प्लिफायर आवाज सारखा वाढवत नाहीत, त्यामुळे वरचा आणि खालचा आवाज कानाने जुळवावा लागतो. मी तानपुरा लावला आणि जवारी ऐकू येईपर्यंत व्हॉल्व्हचा आवाज वाढवत गेलो. अजून थोडा. अजून थोडा.

आतल्या खोलीतून लेक कान दाबत आली. "बाबा, सुया टोचताहेत कानात! आणि हा शूं आवाज कसला येतोय?"

मला ना सुया टोचत होत्या, ना शूं ऐकू येत होतं.

कपाटातून वार्षिक मेडिकलचा ऑडिओग्राम काढला. ४००० हर्ट्झजवळ रेघ खड्ड्यात उतरलेली. स्फोटाच्या आवाजाने कान जातो तो बहुधा तिथूनच. देवळालीच्या रेंजवर आणि पुढे १५५ मिलिमीटर तोफांजवळ, ऑर्डर नीट ऐकू यावी म्हणून इअरप्लग खिशात ठेवणारा शूर लेफ्टनंट मीच होतो. कागदावर सही करताना दरवर्षी तो खड्डा पाहिला होता. त्यात काय काय पडलं, ते त्या दिवशी कळलं. ट्वीटर नेमका तेच सूर वाजवतो. म्हणजे बाबांच्या ॲम्प्लिफायरला मी जे काम दिलं होतं, तेच मला धड ऐकू येत नव्हतं.

थोडा वेळ गप्प बसलो. मग लेकीला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः ॲम्प्लिफायरमागे गेलो. तोफेवरच्या जवानांना लक्ष्य दिसत नसतं. पुढच्या ऑब्झर्व्हेशन पोस्टवरून "ॲड", "ड्रॉप" येतं आणि त्यावर भरवसा ठेवून गोळा जातो. आयुष्यभर हेच केलं, मग घरात लाज कसली?

"कमी करा, बाबा. अजून. थांबा, थोडं वाढवा. बास!"

तिच्या नेलपॉलिशने बटणावर ठिपका केला. रोज संध्याकाळी बटण त्या ठिपक्यावर आणतो. मला जवारी पुसटच ऐकू येते, पण हात पुढे जात नाही.

रेजिमेंटमधल्या तरुण पोरांना एवढंच सांगेन, इअरप्लग खिशात ठेवू नका. आणि माझ्या वयाच्यांनो, या वर्षीचा ऑडिओग्राम सही करण्याआधी एकदा वाचा.